मिटल्या तोंडाचा आवाज

होल्ट, ११ मे १९८१

ग्रीमुर,

काल रेडिओवर तू 'कुम्र' हा शब्द विचारलास आणि वर म्हणालास, की उत्तरेकडच्या खोऱ्यांतून तो गेलेला दिसतो. गेलेला नाही. हे कळवायला कुणीतरी लिहायला हवं, आणि या खोऱ्यात पत्र लिहिण्याचा कंटाळा नसलेली मी एकटीच उरले आहे, म्हणून लिहिते. बहीण म्हणून लिहीत नाही. फोन केला असता, पण आमची लाइन अजून सामाईक आहे. एका घरात घंटा वाजली की पाच घरांत कान लागतात.

तर अर्थ.

मेंढीचं ओरडणं सगळ्यांना ठाऊक आहे. तोंड उघडून, मान वर करून, चाऱ्यासाठी किंवा हरवलेल्या पोरासाठी. त्याला शब्द वेगळा. कुम्र तोंड मिटून होतं. ते घशात सुरू होतं आणि बरंचसं घशातच राहतं. मेंढी विते, वळते, कोकराला चाटायला लागते, आणि चाटताना हा आवाज करते. फक्त स्वतःच्या कोकराशी, आणि फक्त सुरुवातीचे काही आठवडे. दुसरीचं कोकरू जवळ आलं की आवाज थांबतो आणि मेंढी शिंगं खाली करते. दूरवरून तो ऐकू येत नाही. शेजारी गुडघे टेकून बसलेल्या माणसालाच येतो. शहरात लोकांना तो ठाऊक नसेल तर त्यात त्यांचा दोष नाही.

दुसरा अर्थ: घोडी शिंगराशी करते तो आवाज. गवत घेऊन येणाऱ्या माणसाशीही करते, पण ते लाडीगोडी म्हणून.

तिसरा अर्थ माणसांचा. ओठ न उघडता हसणं. बाबा हसायचे तसं. बाबांच्या पोटात काहीतरी घुमायचं आणि चेहरा कोराच राहायचा. आई म्हणायची, "झालं, कुम्रायला लागला हा. काय मोडून आलाय विचारा." हा वापर तुला आठवत असेल असं मला वाटलं होतं. रेडिओवर तू तो सांगितला नाहीस.

व्युत्पत्तीबद्दल मी काही म्हणत नाही, ते तुमचं काम. अध्यापक विद्यालयात आम्हाला जर्मन शिकवणारे गृहस्थ म्हणायचे, की त्या भाषेतला दुःखाला असलेला शब्द आणि हा शब्द सख्खे भाऊ आहेत. त्यांचं जर्मन चांगलं होतं, पण मेंढ्या त्यांनी ताटातच पाहिल्या होत्या.

तुमच्या शब्दकोशाच्या कार्डावर ऐकल्याचं ठिकाण आणि तारीख लागते, असं तू दोनदा सांगितलंस. ठिकाण: होल्टचा वरचा जुना गोठा. तारीख: काल, १० मे, तुझा कार्यक्रम संपल्यावर. ऐकणारी: मी.

इथे सगळं ठीक. शांत आहे.

ओड्नी


होल्ट, २१ मे १९८१

ग्रीमुर,

उत्तराची तसदी घेऊ नकोस असं लिहायचं राहिलं, म्हणून तुझं पत्र आलं.

तू विचारतोस, तारीख चुकली का. क्यार्तानने तुला कळवलं आहे की होल्टच्या मेंढ्या एप्रिलमध्येच संपल्या, मग मे महिन्यात मी कुठल्या मेंढीचा आवाज ऐकला? शेजारी तुझा वर्गमित्र असावा हे माझं नशीब. तारीख चुकलेली नाही. मला चुकीची तारीख लिहिता येत नाही, हीच अडचण झाली. तू तारीख मागितलीस आणि मी लिहून मोकळी झाले. पाकीट टपालात पडल्यावर लक्षात आलं.

क्यार्तान म्हणतो ते खरं आहे. मार्चमध्ये एका मेंढीचे मागचे पाय लटपटायला लागले. मग ती खांबाला अंग घासायला लागली, लोकर जाऊन कातडं दिसेपर्यंत. मेंढ्यांचा थरथर रोग आहे हे मला डॉक्टरच्या आधी कळलं. त्या रोगाला औषध नाही. एक मेंढी निघाली की अख्खा कळप मारायचा, गवत जाळायचं, गोठा खरवडून धुवायचा, आणि पुढे दोन वर्षं त्या जमिनीवर मेंढी आणायची नाही. पंचायतीच्या बैठकीत हा नियम वाचून दाखवला तो मीच. अध्यक्ष मीच आहे. हात वर झाले त्यात पहिला माझा होता.

एप्रिलमध्ये, उन्हाळ्याच्या पहिल्या दिवसाच्या आधी काम उरकलं. मेंढ्या गाभण होत्या. एकेकीला मी दारातून बाहेर काढून देत होते. माझ्या हाताची सवय असल्यामुळे कुणी ओढाताण केली नाही. स्वाला, आमची जनावरांची डॉक्टर, म्हणाली, "ओड्नी, तू आत जा बघू. कॉफी कर आमच्यासाठी."

मी म्हटलं, "कॉफी थर्मासमध्ये आहे. पुढची घे."

शेवटी मोजदादीत एक कमी भरली. स्वालाने विचारलं. मी म्हटलं, "फेब्रुवारीत ओढ्यावरचा बर्फ फुटला, त्यात गेली."

"मला कळवलं नाहीस?"

"एका मेंढीसाठी तुला एवढ्या बर्फातून कुठे बोलवायचं?"

तिने लिहून घेतलं. म्हणाली, "तू म्हणतेस म्हणजे झालं. तुझा शब्द म्हणजे शिक्का."

ती ओढ्यात गेली नव्हती. आदल्या दिवशी मी तिला वरच्या जुन्या गोठ्यात नेऊन बांधली होती. तीच तिथे व्यायली. एकच कोकरू, मादी.

का, ते सांगते. तिचा उजवा कान पुढून तिरका कापलेला आहे आणि डाव्याचं टोक छाटून मधे चीर दिलेली आहे. ही खूण कुणाची हे तुला सांगायला नको. तुला पहिला दात आला तेव्हा बाबांनी तुला एक कोकरू दिलं, दात आलेल्या पोराला देतात तसं, आणि आजोबांची खूण तुझ्या नावावर लावली. ही मेंढी त्या कोकराच्या वंशातली. दर पिढीतली एक मी तुझ्या खुणेवर ठेवत आले.

बाबांना पोचवून आल्यावर तू स्वयंपाकघरात कोटही न काढता म्हणालास, "ठेव सगळं. शिंगापासून शेणापर्यंत. मला यातलं काही नको." मी सगळं ठेवलं. पण दुसऱ्याच्या खुणेची मेंढी आपली म्हणायची नसते, माणूस कितीही लांब राहत असला तरी. तुझी होती, तुझ्या खुणेवर राहिली. तुला कळवलं नाही, कारण तू विचारलं नाहीस.

एप्रिलमध्ये मी माझ्या मेंढ्या दिल्या. ही माझी नव्हती. एवढंच कारण आहे. ते चांगलं कारण नाही, हे मला कळतं. मलाही ते नीटसं पटत नाही, पण मी तिला नेलं तेव्हा विचार करत नव्हते. हात करत होते. सध्या बरंचसं तसंच चाललं आहे. सकाळी मी अजून बूट चढवून धुतलेल्या गोठ्याच्या दारापर्यंत जाते. तिथे औषधाचा वास येतो. मग परत येते आणि बूट काढते.

हे पत्र जाळ.

ओड्नी


होल्ट, २९ मे १९८१

ग्रीमुर,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी मेंढीवर, दोन पानं व्युत्पत्तीवर. तुझा स्वभाव बदललेला नाही.

आधी दोन पानांबद्दल. तुमच्याकडच्या जाणकारांच्या मते शब्द आवाजावरूनच आला, नॉर्वेच्या बाजूलाही तो याच अर्थाने सापडतो, आणि जर्मन दुःखाशी त्याचं काही नातं नाही. तो जर्मन शब्द मुळात पडक्या दगडांच्या ढिगाऱ्याचा होता, हे मला नवीन. म्हणजे आमच्या गृहस्थांचं चुकलं. बरं झालं. चाळीस वर्षं मी ते मनात धरून होते, आणि कोकरू चाटणाऱ्या मेंढीकडे बघून दर वेळी वाटायचं, हिला कसलं दुःख?

आता चार ओळी. "खूण कुणाची याला आता काही अर्थ नाही. मेंढी आजच्या आज स्वालाच्या हवाली कर. क्यार्तानच्या कळपाचा तरी विचार कर. तुला वेड लागलं आहे का?"

वेड लागलेलं नाही. क्यार्तानचा विचार मी करायच्या आधी तोच मंगळवारी दारात उभा राहिला. म्हणाला, "अगं, केवढी ही शांतता. मला वाटलं पाद्री जेवायला आलाय."

"पाद्री आला की बोलतो. खातोस तू."

"मग वाढ की."

राईचा पाव आणि धुरावलेला मासा ठेवला. त्याने बूट काढले नाहीत, नेहमीसारखेच. खाता खाता म्हणाला, "सहा तारखेला मेंढ्या डोंगरावर सोडतोय. यंदा तुझ्या जुन्या गोठ्याच्या अंगानं नेईन म्हणतो. तिकडचं गवत कुणी तोंड न लावलेलं. तुझी काही हरकत?"

थरथर सगळ्यात जास्त पसरते ती विण्याच्या वेळी. विताना जे पडतं त्यात रोग असतो, आणि तो मातीत वर्षानुवर्षं राहतो. हेही बैठकीत मीच वाचून दाखवलं होतं. वार मी खोल पुरली आहे. माती धुता येत नाही. आणि मेंढी आजारी आहे का, मला ठाऊक नाही. ती खाते, उभी राहते, अंग घासत नाही. पहिलीही जानेवारीत तशीच होती.

मी म्हटलं, "हरकत आहे. तिथे मेंढी आहे."

"कुणाची?"

"ग्रीमुरची."

तो हसला. ओठ न उघडता, थेट बाबांसारखा. हवं तर तिसऱ्या अर्थासाठी लिहून घे: क्यार्तान, २६ मे, होल्टचं स्वयंपाकघर. मग त्याचं हसू थांबलं. मी थट्टा करत नाही, हे त्याला मी शाळेत शिकवायचे आणि तो माझ्या वर्गात बसायचा तेव्हापासून ठाऊक आहे.

"कोकरू?" त्याने विचारलं.

"एक. तिथेच झालं."

त्याने हातातला मासा ताटात ठेवला. मग म्हणाला, "ओड्नी, आपल्या दोघांच्या जमिनीत एक ओढा आहे नुसता. तो मेंढ्यांना नियम वाचून दाखवणार आहे का?"

"ठाऊक आहे."

"सगळं तुला ठाऊकच असतं. बैठकीत मला पुन्हा पुन्हा विचारलंस, क्यार्तान, तू हात वर का करत नाहीस? केला मी. तुझ्यावर भरवसा ठेवून केला. माझ्याकडे मेंढ्यांशिवाय काय आहे? मी काय शब्द गोळा करून पोट भरू?"

हे तुझ्यासाठी होतं. पोचवते आहे.

कॉफी अर्धी टाकून तो उठला. अर्धी कॉफी टाकून उठणं म्हणजे आपल्याकडे भांडण, हे विसरला नसशील. दारातून म्हणाला, "सहा तारखेपर्यंत मी गप्प आहे. त्या दिवशी सकाळी स्वालाला फोन करीन, आणि पाचही घरं ऐकतील."

त्याचं बरोबर आहे. म्हणून मी काल स्वालाला स्वतः जाऊन सांगितलं. तिने मला चूक कबूल केल्याबद्दल शाबासकी दिली नाही, ते बरं केलं. फक्त म्हणाली, "फेब्रुवारी, बर्फ, ओढा. किती नेमकं सांगितलंस तू." गुरुवारी, चार तारखेला सकाळी ती येणार आहे.

तेव्हा मेंढी जाणार, हे ठरलं. त्याबद्दल मी तुला विचारत नाही.

पण बुधवारची बस घे.

तू म्हणशील, मी लिहून दिलंय, देऊन टाक, आणखी काय हवं? पाव देऊन टाकायचा असता तर तेवढं पुरलं असतं. माझ्या मेंढ्यांना मी माझ्या हातांनी बाहेर काढलं. तुझीला तू काढ. मी काढली तर ती माझ्याबरोबर निमूट येईल, आणि आणखी एकदा ते मला करायचं नाही. हे वाक्य तीनदा लिहून खोडलं. आता राहू देते.

दुसरं. रेडिओवर तू म्हणालास, हा आवाज स्वतः ऐकल्याचं तुला आठवत नाही. विण्याच्या दिवसांत बाबा तुला गोठ्यात घोंगडीत गुंडाळून ठेवायचे. तू ऐकला आहेस. कोकरू आता मोठं होत चाललं आहे. आवाज आधीच कमी झालाय, दूध पाजताना तेवढा येतो. आठवड्याभरात बंद होईल. तुझ्या कार्डावर ऐकीव माहिती नको असेल, तर ये.

जेवायला मासा आहे. मटण नाही.

ओड्नी


होल्ट, ७ जून १९८१

ग्रीमुर,

तू बसच्या पायरीवरून मागितलेली नोंद पाठवते. स्वालाच्या कागदावर जागा कमी होती, आणि तिने मालकाच्या रकान्यात माझं नाव घातलं होतं. ते खोडून घेतलं.

मुक्कामाबद्दल आभार मानलेस ते परत घे. तुझीच खोली आहे.

क्यार्तानने काल मेंढ्या पलीकडच्या वाटेने नेल्या. त्या आधी, तू गेलास त्या संध्याकाळी, माझ्या दाराशी कुंपणाचे खांब आणि तारेचं भेंडोळं टाकून गेला. आत आला नाही. जुन्या गोठ्याभोवती मी तार ओढून घेतली. पुढच्या आठवड्यात गोठा पाडून पुरतील. दोन वर्षांचे दिवस आता नव्याने धरायचे. पंचायतीचा राजीनामा दिला. त्यांनी तो घेतला.

नोंदीआधी एक गोष्ट, कार्डात घालू नकोस. कोकराच्या कानाला मी खूण केलेली नव्हती. बिनखुणेचं जनावर पंचायतीचं, हे तू विसरला असशील असं मला वाटत होतं. तू बाबांची सुरी मागितलीस. स्वाला म्हणाली, "अरे, आता कशाला? घटकाभराचा तर प्रश्न. उगाच दुखवतोस."

तू म्हणालास, "माझं आहे."

होल्टच्या कुठल्याही वस्तूबद्दल तू असं म्हटलेलं, बाबा गेल्यापासून मी ऐकलं नव्हतं. उजवा पुढून तिरका, डाव्याचं टोक छाटून चीर. तुझा हात चुकला नाही. कोकरू आईकडे पळालं. तिने रक्त चाटलं आणि चाटताना आवाज केला. तू गुडघे टेकून बसलाच होतास. वर माझ्याकडे बघितलंस. मी मान हलवली. हाच तो.

नंतर तू उठलास, तिच्या गळ्याखाली हात घातलास आणि कोकरू काखेत घेतलंस, बाबा घ्यायचे तसं. ती तुझ्यामागे चालत आली.

कार्डासाठी:
कुम्र. मेंढीचा, तोंड मिटून, स्वतःच्या कोकराशी. ठिकाण: होल्ट, जुना गोठा. ४ जून १९८१. ऐकणारा: ग्रीमुर, स्टेनचा मुलगा.

हवाली केल्याची नोंद:
मेंढी एक. पांढरी, तोंड करडं, शिंगं दोन्ही शाबूत. उजवा कान पुढून तिरका, डाव्याचं टोक छाटून चीर.
कोकरू एक, मादी, पांढरं. खूण तीच, ताजी.
घोंगडी एक, मेंढीखालची.
सुरी एक. मूठ लाकडी, उकळून भागत नाही, म्हणून तीही.
घेणारी: स्वाला, जनावरांची डॉक्टर.
मालक: ग्रीमुर स्टेनसोन. पत्ता: होल्ट.
दारातून बाहेर काढून देणारा: मालक स्वतः.